कच्चें मडकें आणि खरी परीक्षा
(हिंगोली येथें धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या आनंदाच्या दिवशीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हां विषय कोणता घ्यावा असा प्रश्न पडला. गेलेल्या वर्षांचा गौरव करणारे वक्ते येथें पुष्कळ आहेत. आम्हीं मात्र येणाऱ्या पिढीकडे पाहून एक साधा विषय निवडला आहे. तो विषय म्हणजे दहावीची परीक्षा. मुलांच्या शिक्षणास राज्यानें जें माप लाविलें आहे, तें कोठून आलें, तें कितपत खरें आहे, आणि तें आपल्या उंबरठ्याच्या आंत येतें तेव्हां आपलें कर्तव्य काय, एवढेंच आज सांगावयाचें आहे. मार्च महिन्याची धास्ती आणि निकालाच्या दिवसाची धडधड ज्या घरानें अनुभवली नाहीं, असें घर ह्या सभेंत विरळाच असेल.

परीक्षेचा विचार करितांना आपल्याच जिल्ह्याशीं निगडित असलेली एक कथा आठवते. नरसी नामदेव आणि औंढा नागनाथ हीं दोन्ही स्थळें ह्या हिंगोली जिल्ह्यांत आहेत. परंपरा असें सांगते कीं, एकदां संतमेळा जमला असतां गोरोबाकाकांनीं मडकीं घडविण्याचें आपलें थापटणें हातीं घेतलें आणि कोण पक्का व कोण कच्चा हें पाहण्यासाठीं एकेकाच्या डोक्यावर तें मारिलें. इतर संत स्वस्थ बसले. नामदेवांना मात्र राग आला. तेव्हां गोरोबांनीं निकाल दिला कीं, हें मडकें अजून कच्चें आहे. नामदेव दुखावले, परंतु दुःख करीत बसले नाहींत. ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले, आणि तेथें त्यांस गुरु भेटला.

ही कथा आपल्या वारकरी बांधवांची असली, तरी परीक्षेचें सारें शास्त्र तींत आहे. पहिली गोष्ट, थापटणें सर्वांस एकच होतें. दुसरी गोष्ट, निकाल खरा दिला गेला. कोणाची भीड धरून कच्च्यास पक्कें म्हटलें नाहीं. आणि तिसरी गोष्ट, कच्च्या ठरलेल्यासाठीं औंढ्याची वाट मोकळी होती. ह्या तिहींपैकीं एक जरी उणी पडली, तरी परीक्षा व्यर्थ होय. ह्याच तीन कसोट्यांवर आपण राज्याचें माप पारखून पाहूं.

पहिली कसोटी एकाच मापाची. आज आपण तें गृहीत धरितों. पण आपल्या भागास तें सहज लाभलेलें नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती. संस्थानाचें नाणें निराळें होतें. सात हाली रुपये मोजावे तेव्हां सहा इंग्रजी रुपये हातीं येत. शिक्षणाचें नाणेंहि असेंच निराळें होतें. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें आणि तेथें शिक्षणाचें माध्यम उर्दू ठरलें. इंग्रजीवांचून, ह्याच देशाच्या भाषेंतून, अगदीं वरपर्यंत शिकवितां येतें हें त्या विद्यापीठानें दाखवून दिलें, हें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. परंतु जी भाषा दरबारांत होती, ती आपल्या चुलीपाशीं नव्हती. मराठी घरांतील मुलास आधीं परक्या भाषेची वेस ओलांडावी लागे, आणि मग गणित व भूगोल त्याच्या दृष्टीस पडत.

म्हणून लोकांनीं आपल्या हिंमतीवर शाळा काढिल्या. औरंगाबादेस १९१५ सालीं सरस्वती भुवन उभें राहिलें. हिप्परग्यास १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली, आणि पुढें तेथेंच स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक म्हणून येऊन राहिले. ज्यांनीं संस्थानाच्या मुक्तीचा लढा चालविला, त्यांपैकीं कित्येकांनीं हातीं प्रथम खडू धरिला होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान भारतांत आलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य जन्मास आलें. परंतु सीमा एक झाल्या म्हणून मापें एक झालीं असें नव्हे. त्यासाठीं १९६५ सालीं कायदा करावा लागला, आणि १ जानेवारी १९६६ पासून राज्य माध्यमिक शिक्षण मंडळ कामास लागलें. पुढच्याच वर्षीं, २७ जानेवारी १९६७ रोजीं, पाठ्यपुस्तकांसाठीं बालभारतीची स्थापना झाली. पूर्वीं शालान्त परीक्षा अकरावीस होत असे. १९७५ सालापासून ती दहावीस होऊं लागली. आज मंडळाचे नऊ विभाग आहेत. १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झालेला आपला जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागांत मोडतो. मंडळाची ही परीक्षा मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, तेलुगु आणि सिंधी अशा आठ माध्यमांतून देतां येते.

ह्याचा अर्थ काय, तो नीट ध्यानांत घ्या. कळमनुरीची शेतमजुराची मुलगी आणि पुण्याच्या वकिलाचा मुलगा एकाच दिवशीं, एकाच वेळीं, राज्य मंडळाची तीच प्रश्नपत्रिका उघडतात. उत्तरपत्रिकेवर बापाचें नांव नसतें, गांव नसतें, जात नसते. असतो तो केवळ बैठक क्रमांक. ज्याच्यापाशीं वशिला नाहीं आणि वडिलोपार्जित जमीनहि नाहीं, त्या मुलास राज्यानें दिलेला हा मोठा आधार आहे. म्हणून ह्या परीक्षेस नांवें ठेवणाऱ्यांत आम्ही नाहीं. थापटणें सर्वांस एकच आहे. पहिल्या कसोटीस राज्याचें माप उतरतें.

आतां दुसरी कसोटी खऱ्या निकालाची. येथें मात्र जड अंतःकरणानें बोलावें लागतें. मार्च २०१८ च्या परीक्षेंत राज्यांतील शेंकडा ८९.४१ मुलें उत्तीर्ण झालीं. मार्च २०१९ मध्यें हा आंकडा ७७.१० वर आला. २०२० सालीं तो ९५.३० झाला. एका वर्षांत मुलें एवढीं मठ्ठ झालीं, आणि पुढच्याच वर्षांत एवढीं हुशार झालीं काय? मुलें तीच होतीं. हाललें तें माप. २०१९ च्या परीक्षेपुरते भाषा व समाजशास्त्र ह्या विषयांतील शाळेनें द्यावयाचे वीस गुण काढून टाकिले होते. पुढच्या वर्षीं ते पुन्हां आले. २०२१ सालीं तर महामारीमुळें परीक्षाच झाली नाहीं; शाळांनीं केलेल्या मूल्यमापनावरून निकाल लागला, आणि तो ९९.९५ होता. त्या संकटांत दुसरा उपाय नव्हता हें खरें. परंतु ह्या आंकड्यांवरून एवढें शिकावें कीं, शेंकडेवारी म्हणजे विद्या नव्हे.

शाळेचे गुण ही गोष्ट मुळांत वाईट नाहीं. जे गुरुजी मुलास वर्षभर पाहतात, त्यांचेंहि मत निकालांत असावें हें न्याय्यच आहे. पण ते गुण सर्वांस सारखेच खिरापतीसारखे वांटले, तर त्यांत मत कोणतें राहिलें?

ह्याहून वाईट गोष्ट कॉपीची. परीक्षेंतील गैरप्रकार थांबविण्यासाठीं राज्यानें १९८२ सालींच कायदा केला. तरी खिडकीशीं चिठ्ठ्या घेऊन उभे राहणारे भाऊ, काका आणि मामा आपण डोळ्यांनीं पाहिले आहेत. शेजारच्या नांदेड जिल्ह्यांत २०१० सालीं जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी ह्यांनीं कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम चालविली, तेव्हां तेथील निकाल एकाएकीं कोसळला. लोक हळहळले. परंतु त्या वर्षीं मुलें बिघडलीं नव्हतीं. आधींच्या वर्षांचें खोटें तेवढें उघडें पडलें होतें. खोटें माप ठेवणें हें पाप आहे, हें ह्या सभेस सांगावयास नको. मग आपल्याच लेकरासाठीं तें माप खोटें करितांना आपला हात कां कांपत नाहीं?

आमच्या अनुभवांतील एक प्रसंग सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एक तरुण आमच्याकडे अर्ज लिहून घ्यावयास आला. दहावी उत्तीर्ण झाल्याचें प्रमाणपत्र त्यानें प्लास्टिकच्या पिशवींत जपून आणिलें होतें. आम्हीं म्हटलें, "बाळ, तूं सांग आणि तूंच लिही; चुकलास तर आम्ही आहोंत." तो बराच वेळ लेखणी धरून बसला. मग मान खालीं घालून म्हणाला, "सर, मला नीट लिहितां येत नाहीं. परीक्षेंत सगळें फळ्यावर लिहून देत होते." त्याचे डोळे भरून आले होते. त्याला कोणींहि नापास केलें नव्हतें, आणि हाच त्याच्यावर झालेला अन्याय होता. मडकें कच्चें आहे हें ज्यांस ठाऊक होतें, त्यांनीं तें पक्कें म्हणून बाजारांत पाठविलें. आणि पहिल्याच पावसांत तें विरघळलें.

हळदीचा व्यवहार आपल्या हिंगोली-वसमतच्या लोकांस ठाऊक आहे. जी हळद नीट शिजली नाहीं, उन्हांत वाळली नाहीं, तिला वरून कितीहि चकाकी आणा. जाणता व्यापारी कांडें मोडून पाहतो आणि बाजूस सारतो. जगहि एक दिवस आपल्या मुलांचें कांडें मोडून पाहणारच आहे. तें आधीं आपण प्रेमानें पाहिलेलें बरें.

आतां तिसरी कसोटी. आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची तीच. कच्च्या ठरलेल्या मुलास औंढा कोठें आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंत कोणत्याहि मुलास त्याच वर्गांत मागें ठेवूं नये असें ठरविलें. हेतु दयेचा होता. नापासाच्या शिक्क्यानें गरिबाचें मूल शाळा सोडतें, हें खरेंच आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं मूल पुढें सरकलें आणि वाचन मागेंच राहिलें. पुढें २०१९ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि महाराष्ट्रानें २०२३ सालीं पांचवी व आठवीस पुन्हां वार्षिक परीक्षा ठेविली. दहावींत अपयश आलेल्यांसाठीं २०१५ पासून त्याच वर्षीं जुलैमध्यें फेरपरीक्षेची सोय झाली. हीं चांगलीं पाउलें आहेत. पण फेरपरीक्षा म्हणजे पुन्हां मारलेलें थापटणें. पहिला निकाल आणि जुलै ह्यांच्या मधल्या दिवसांत त्या मुलास शिकवितो कोण? ज्याचे आईबाप ऊसतोडीस जातात, ज्याच्या घरीं विचारावयास कोणी नाहीं, त्याचा विसोबा कोण?

राज्य थापटणें देऊं शकतें. विसोबा आपणांस व्हावें लागेल. आणि ह्यासाठींच हा विषय आज येथें मांडला.

म्हणून महोत्सवाच्या दिवशीं ह्या धर्मग्रामानें तीन गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी आमची नम्र विनंति आहे. पहिली ही कीं, तिसरींतील मुलास घरीं रोज एक पान मोठ्यानें वाचावयास लावावें. आई स्वतः शिकलेली नसली तरी चालेल. मूल कोठें अडखळतें हें कानांस कळतें. दहावीची परीक्षा खरोखर तिसरींत सुरू होते. दुसरी ही कीं, परीक्षेच्या काळांत ह्या धर्मग्रामाचा कोणीहि मनुष्य केंद्राच्या भिंतीशीं दिसूं नये. गुण थोडे आले तरी मुलाचे स्वतःचे असावेत. पस्तीस गुण प्रामाणिकपणें मिळविणाऱ्याचा सत्कार आपण ह्याच सभागृहांत, पंचाण्णव मिळविणाऱ्याच्या शेजारीं करूं. आणि तिसरी ही कीं, निकालानंतर जीं मुलें मागें राहतील, त्यांच्यासाठीं येथें संध्याकाळीं अभ्यासाचा वर्ग चालवावा. आपल्यांत निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयांत जाणारीं मुलें-मुली आहेत. एकेकानें एका मुलाचा हात धरिला, तर पुरे. तें मूल आपल्या धर्माचें आहे कीं नाहीं, हें कोणीं विचारूं नये.

आणि आईबापांस एक शेवटचा शब्द. निकालाच्या दिवशीं मूल रित्या हातानें घरीं आलें, तर त्यास दारांत उभें करूं नका. शेजाऱ्याच्या मुलाचे गुण सांगूं नका. आधीं जेवूं घाला. कच्चें मडकें फेकून द्यावयाचें नसतें. तें अजून भाजावयाचें असतें. ज्यांना एकदां कच्चें म्हटलें गेलें, त्या नामदेवांचीं पदें पुढें शिखांच्या गुरुग्रंथसाहिबांत गेलीं, आणि आज पंजाबांतहि त्यांचें नांव आदरानें घेतलें जातें. त्या दिवशीं नरसीचा तो पुत्र रुसून घरीं बसला असता, किंवा कोणीं दयेनें त्यास पक्का म्हणून टाकिलें असतें, तर औंढ्याची वाट त्यानें कधींच धरिली नसती.

आपल्या मुलांसहि कोणीं खरें सांगावें, आणि सांगून झाल्यावर त्यांच्याबरोबर औंढ्यापर्यंत चालत जावें. एवढें ह्या धर्मग्रामानें केलें, तर पुढच्या महोत्सवास येथें बोलावयास उभा राहणारा कदाचित् तोच मुलगा असेल, ज्याला आज आपण हातीं धरिलें.