मोकळ्या डोंगराचें मोल

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यांत, रॉकी पर्वताच्या पायथ्याशीं बोल्डर हें नगर आहे. वस्ती वाढली तशीं घरें डोंगर चढणार, हें ओळखून १९५९ सालीं नागरिकांनीं मतदानानें ठरविलें, कीं ५,७५० फुटांच्या वर नगराचें पाणी द्यावयाचें नाहीं. पण पाणी न दिल्यानें जमीन आपली होत नाहीं. म्हणून १९६७ सालीं त्यांनीं स्वतःवर शेकडा एक विक्रीकर बसवून घेतला आणि त्यांतील शेकडा चाळीस भाग मोकळी जमीन विकत घेण्यासाठीं राखला. डोंगर वांचला. परंतु बांधकामास जागा थोडी उरल्यानें घरेंही महागलीं. तेथें राबणाऱ्या पुष्कळांस बाहेरगांवाहून यावें लागतें. श्रोतेहो, मोकळा डोंगर फुकट मिळत नाहीं. मात्र त्याचें मोल केवळ गरिबाच्या माथीं पडूं नये, हें पाहणें नगराचें कर्तव्य आहे.