उजेड किती आणि कुठे?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेतला निवृत्त अधिकारी. त्यामुळे मी बोलायला उभा राहिलो की मुदत ठेवीचे व्याजदर सांगणार, अशी बऱ्याच जणांची समजूत होते. पण जुन्या सभासदांना ठाऊक आहे की नोकरीच्या काळात आमच्या बँकेच्या नाट्यमंडळात मी दिवे सांभाळायचो. तोंडाला रंग लावायचं धाडस कधी झालं नाही, पण विंगेत बसून इतरांच्या तोंडावर उजेड पाडण्याचं काम मी पुष्कळ वर्षं केलं. यंदा आपल्या तरुण मंडळींनी दोन अंकी नाटक बसवायला घेतलं आहे. लाइटचं कोटेशन समितीपुढे आहे. म्हणून सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आणि सांगितलं, "काका, लाइटबद्दल बोला." तर बोलतो.

रंगमंचावरच्या उजेडाची शिकवणी घ्यायला आपल्याला लांब जायची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी कार्ल्याला जा. एकवीरा आईचं दर्शन घ्या आणि मग शेजारच्या चैत्यात पाच मिनिटं नुसते उभे राहा. सुमारे १२४ फूट खोल दालन, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांबांची रांग आणि टोकाला स्तूप. आत उजेड येतो तो मुख्यतः दर्शनी भागातल्या घोड्याच्या नालेसारख्या मोठ्या गवाक्षातून. म्हणजे उजेड एका बाजूने, उंचावरून, समोरून येतो. तो दालनाच्या मधल्या भागावर आणि स्तूपावर पडतो, खांबांच्या मागची वाट सावलीत राहते. आत शिरणाऱ्याला काही सांगावं लागत नाही, नजर आपोआप स्तूपाकडे जाते. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी हा डोंगर कोरला, त्यांना कुठे उजेड पाहिजे आणि कुठे नको हे पक्कं माहीत होतं. पलीकडे भाज्याच्या लेण्यात तर तबल्यासारखं वाद्य वाजवणारी आणि तिच्यासोबत नाचणारी अशा दोन स्त्रिया कोरलेल्या आहेत. तेव्हा मावळात नाच-गाणं आणि उजेडाची जाण दोन्ही जुनं आहे.

आता थोडा इतिहास. पूर्वी नाटकं दिवसा, नाहीतर तेलाच्या दिव्यांवर आणि मेणबत्त्यांवर व्हायची. दिवा लावणं सोपं. तो हळूहळू कमी करायचा कसा, हा खरा प्रश्न होता. इटलीतल्या निकोला साबातिनी नावाच्या गृहस्थाने १६३८ सालच्या पुस्तकात युक्ती लिहून ठेवली आहे: मेणबत्त्यांवर पत्र्याची नळकांडी टांगायची आणि दोरीने सगळी एकदम खाली सोडायची. झाला अंधार! दोरी ओढली की पुन्हा उजेड. आज आपण कन्सोलवर बोटाने जी पट्टी खालीवर करतो, तिचे हे खापरपणजोबा.

आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, लंडनचं सॅव्हॉय थिएटर संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलं. आपल्या फिरत्या नाटक कंपन्यांना मात्र नंतरही बरीच वर्षं किटसनच्या बत्त्या बरोबर घेऊनच गावोगाव जावं लागत होतं.

आणि इथे आपल्या लोणावळ्याचा संबंध येतो. वळवणचं धरण आपण रोज बघतो. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवत्याला पाणी अडवलं, ते घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ साली त्यावर वीज तयार करून मुंबईला नेली. पाऊस आपल्या डोंगरावर पडायचा आणि त्यावर चालायच्या मुंबईच्या गिरण्या. माझ्या लहानपणी मावळातल्या कितीतरी गावांत जत्रेचं नाटक मात्र गॅसबत्तीवरच व्हायचं. बत्तीला पंप मारणारा माणूस हाच आमचा प्रकाशयोजनाकार. प्रवेश रंगात आला आणि बत्ती मंद झाली की प्रेक्षकांतून आरोळी यायची, "अरे, हवा मार!"

मी बँकेच्या नाटकांत आलो तेव्हा वीज होती, पण डिमर परवडत नव्हते. हौशी मंडळींचा डिमर म्हणजे मिठाचं पाणी. चिनी मातीची बरणी किंवा जाड नळकांडं घ्यायचं, त्यात मिठाचं पाणी, तळाशी शिशाची एक पट्टी आणि वरून दोरीला बांधलेली दुसरी. वीज त्या पाण्यातून दिव्याकडे जायची. वरची पट्टी खाली सोडली की दोन पट्ट्यांमधलं अंतर कमी, अडथळा कमी, दिवा प्रखर. पट्टी वर ओढली की दिवा मंद. सूर्योदय, सूर्यास्त सगळं आम्ही दोरीने करायचो! दुसऱ्या अंकापर्यंत पाणी तापून वाफा यायच्या. बालमित्रांनो, हे घरी अजिबात करून बघायचं नाही. त्या पाण्यात उघडी वीज असते. पुढे थायरिस्टरचे डिमर आले आणि बरण्या लोणच्यासाठी मोकळ्या झाल्या.

आता आजचं. आज दिव्याला वीज वेगळी आणि हुकूम वेगळा जातो. हुकमाची जी भाषा आहे तिला डीएमएक्स ५१२ म्हणतात. ती १९८६ साली अमेरिकेत ठरली. एका केबलवर ५१२ चॅनल, आणि प्रत्येक चॅनलला शून्य ते २५५ यांपैकी एक किंमत. शून्य म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण. एका एलईडी पारला समजा आठ चॅनल लागतात: लाल, हिरवा, निळा, पांढरा, एकूण तेज वगैरे. मग पहिल्या दिव्याचा पत्ता १, दुसऱ्याचा ९, तिसऱ्याचा १७, चौथ्याचा २५. बँकेतल्या खातेक्रमांकासारखंच आहे. दोन दिव्यांना एकच क्रमांक दिला, तर दोघेही एकच हुकूम पाळणार. कधी तसंच हवं असतं, पण ते ठरवून केलेलं असावं. केबल एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळीनेच न्यायची, मध्येच फाटे फोडायचे नाहीत. एका साखळीत ३२ पेक्षा जास्त उपकरणं नकोत आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचं टर्मिनेटर लावायचं. माइकची केबल दिसायला तशीच असते, पण ती वापरली की दिवे मध्येच लुकलुकू शकतात. मग लोक "लाइनीत भूत आहे" म्हणतात. भूत नसतं, केबल चुकीची असते.

दिवे लावायचे कुठे? अमेरिकेत येल विद्यापीठात मॅककँडलेस नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९३२ मध्ये एक साधी पद्धत मांडली. रंगमंचाचे भाग पाडा. प्रत्येक भागावर समोरून दोन दिवे टाका, एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही साधारण ४५ अंशांतून आणि वरून. एक किंचित उबदार रंगाचा, दुसरा किंचित थंड. त्याने चेहऱ्याला नाक, डोळे, गाल राहतात. बरोबर समोरून एकच झोत मारला तर चेहरा पोळपाटासारखा सपाट दिसतो. आपल्याला तीन भाग पुरेत: डावा, मधला, उजवा. तीन भागांचे सहा दिवे आणि मागून दोन, म्हणजे माणूस पडद्यापासून सुटा दिसतो. एकूण आठ.

कोटेशनमध्ये चोवीस दिवे आहेत, शिवाय धुराचं यंत्र आणि फिरते दिवे. मागच्या गणपतीत काय झालं ते आठवा. लाल, निळा, जांभळा असा उजेड सारखा बदलत होता. एक आजी शेजारणीला विचारत होत्या, "यातला आमचा कोणता?" स्वतःचा नातू ओळखू येईना! मुलांचे चेहरे निळे, आयांनी हौसेने नेसवलेल्या नऊवाऱ्या काळ्या. उजेड भरपूर होता, पण दिसत काहीच नव्हतं. चेहऱ्यावर उबदार पांढरा उजेड आणि रंग फक्त मागच्या पडद्यावर, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

थोड्या दिव्यांत काय होऊ शकतं, याचं उदाहरण सांगतो. कोलकात्याला तापस सेन नावाचे थोर प्रकाशयोजनाकार होऊन गेले. १९५९ साली उत्पल दत्त यांच्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरत जातं आणि कामगार बुडतात, हा प्रसंग त्यांनी मुख्यतः उजेडाने उभा केला. मिनर्व्हा थिएटरात पाण्याचा थेंब नव्हता, तरी लोकांचा श्वास कोंडायचा. डोकं वापरलं होतं, दिव्यांची संख्या नव्हे.

म्हणून मुलांनो, आधी क्यू शीट लिहा. कोणत्या वाक्यावर कोणता दिवा, किती टक्के, किती सेकंदांत. तालीम पाहत लिहा. आणि दिव्यांसकट किमान दोन तालमी करा. नाटकाच्या दिवशी दुपारी चारला दिवे टांगून रात्री नऊला पडदा उघडायचा, हा प्रकार नको.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी खरं तर उभा राहिलो. जमाखर्च. बँकेत आम्ही कर्ज देण्याआधी फेडायची ऐपत बघायचो. दिवा लावण्याआधी वायरची ऐपत बघा. हिशोब चौथीतला आहे: वॅटला २३० ने भागा, अँपिअर येतात. १००० वॅटचे जुने आठ पार म्हणजे ८००० वॅट, जवळजवळ ३५ अँपिअर. १६ अँपिअरच्या एका सॉकेटवर असे तीन चालतील, चौथा लावला की मर्यादा ओलांडली. तेच एलईडीचे आठ, प्रत्येकी २०० वॅट धरले तरी १६०० वॅट, म्हणजे सात अँपिअर. साउंड आणि पंखे वेगळे धरा. आणि एवढं करूनही पाव हिस्सा मोकळा ठेवा. आम्ही त्याला मार्जिन म्हणायचो.

पस्तीसएक वर्षांपूर्वी पवन मावळातल्या एका गावच्या जत्रेत मी प्रेक्षक म्हणून बसलो होतो. मंडपवाल्याने थ्री फेजचा न्यूट्रल नुसता पिळून वर टेप गुंडाळला होता. सर आली, जोड भिजला आणि सुटला. न्यूट्रल सुटला की काय होतं? ज्या फेजवर भार कमी, तिथे २३० च्या जागी व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं. अर्धे दिवे मंद झाले, अर्धे पांढरेफटक पेटले आणि फटाफट फुटले. ॲम्प्लिफायर जळाला. गरम काचा पुढे बसलेल्या पोरांच्या अंगावर पडल्या. देवाची कृपा, डोळे वाचले. मग कोणीतरी घरातून गॅसबत्ती आणली आणि उरलेला अंक तिच्यावर झाला. जागचं कोणी उठलं नाही.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं. म्हणजे आपल्या खोपोलीच्या विजेच्याच वयाचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. तेव्हा अनेक कलावंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. लाकूड, कापड, पडदा आणि वीज जिथे एकत्र असतात तिथे किती जपावं लागतं, हे आपण यावरून घेऊ.

आपलं स्टेज पार्किंगमध्ये लोखंडी पाइपांवर उभं राहतं. भाद्रपदात लोणावळ्याचा पाऊस काही रजेवर जात नाही. भिंतीला ओल, जमिनीला ओल. अशा पाइपात वीज उतरली तर पहिला हात कोणाचा लागेल? इथे सतरंजीवर बसलेल्या या मुलांचाच.

तेव्हा माझी समितीला विनंती आहे. चोवीस दिव्यांऐवजी आठ घ्या. वाचलेल्या पैशांतून स्टेजसाठी कायमचा वेगळा बोर्ड बसवा. त्यात योग्य क्षमतेचे एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी घाला. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जायला लागली की ते क्षणाच्या आत पुरवठा तोडतं. पाइपांना आणि बोर्डाला नीट अर्थिंग करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून दरवर्षी तपासून लेखी घ्या. टांगलेल्या प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय साखळी हवी, म्हणजे स्क्रू ढिला झाला तरी दिवा डोक्यावर येणार नाही. जुने हॅलोजन असतील तर पडद्यापासून चार फूट लांब. वायरचं भेंडोळं पूर्ण उलगडायचं, कारण गुंडाळलेली वायर भाराखाली तापते. आणि मेन स्विचजवळ नाटक संपेपर्यंत एक जबाबदार माणूस बसवायचा. त्या कामाला मी नाव देतो. माझं वय सत्तरीपार असलं तरी स्विच पाडता येतो.

दिवे दरवर्षी भाड्याने मिळतील. बोर्ड आणि अर्थिंग एकदा केलं की पुढची कित्येक वर्षं आपल्या नातवंडांच्या कामी येईल. रौप्यमहोत्सवाच्या खर्चात फोटो काढण्यासारखं ते काही नाही, हे मला कळतं. पण पुढच्या सभेत हा ठराव यावा आणि एकमताने मंजूर व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

वीस मिनिटं झाली, सेक्रेटरी घड्याळाकडे बघत आहेत. नाटकाला आणि सोसायटीला मनापासून शुभेच्छा देतो आणि थांबतो.