पडसें गेलें, खोकला राहिला
(खेड्यांतील एका सभेंत आम्हीं केलेलें भाषण)



आज आम्ही कर्जावर किंवा शाळेवर बोलणार नाहीं, खोकल्यावर बोलणार आहों. विषय ऐकून कोणी हंसेल. पण ज्याचें पोट हातावर आहे, त्याच्या घरीं खोकल्यानें मुक्काम ठोकला म्हणजे काय होतें, हें तुम्हांस सांगावयास नको. रात्रीची झोंप जाते, माग थांबतो, खुरपणीची मजुरी बुडते. आणि बियाण्यासाठीं गांठीस बांधलेला पैसा गंडेदोरे, सुया व बाटल्या यांत जातो. ही लूट थांबावी म्हणून आम्ही उभे आहों.

आधीं खोकला कां राहतो तें पाहूं. पडसें हें विषाणूंमुळें होतें. दृष्टीमुळें नव्हे, ग्रहामुळें नव्हे. आपल्या श्वासनळीच्या आंत अतिसूक्ष्म केसांची लव असते. वाऱ्यावर जोंधळा डोलावा तशी ती सारखी हालते आणि धूळ व कफ वर ढकलते. पडशानें ही लव झडते व नळीस सूज येते. पीक झोडपलें गेल्यावर दुसरें एका रात्रींत उगवत नाहीं, तसेंच हें आहे. लव पुन्हा येईतों कफ काढण्याचें काम खोकल्यास करावें लागतें. म्हणून ताप दोनचार दिवसांत उतरतो, पण खोकला सुमारें तीन आठवडे राहतो; कित्येकांस त्याहूनही अधिक.

हें ठाऊक नसल्यामुळें आमचा शेतकरी पांचव्या दिवशीं घाबरतो आणि ‘एक सुई द्या’ म्हणून धांवतो. जंतु मारणाऱ्या अँटिबायोटिक गोळ्या पडशाच्या विषाणूंवर मुळींच चालत नाहींत. कफ पिवळा किंवा हिरवा झाला एवढ्यावरून त्या लागतात असेंही नाहीं. उगाच घेतल्यानें जंतु त्या औषधास निर्ढावतात. दगडावर चालविलेला विळा पुढें गवतही कापीत नाहीं. तशी खऱ्या गरजेच्या वेळीं ती गोळी बोथट ठरते.

मग करावें काय? कोमट पाणी, पेज, कढण वारंवार घ्यावें. त्यानें कफ पातळ राहतो. घसा खवखवत असल्यास मिठाच्या पाण्यानें गुळण्या कराव्या. निजतांना चमचाभर मध चाटावा. त्यानें खोकल्याची उबळ कमी होते. परंतु एक वर्षाच्या आंतील मुलास मध बोटभरही देऊं नये. मधांत कधीं कधीं एका जंतूचीं बीजें असतात व त्यांमुळें तान्ह्याचें अंग लुळें पडून जीव धोक्यांत येतो. जन्मतांच मध चाटविण्याची चाल कितीही जुनी असो, ती सोडावी. आलें-तुळशीचा काढा, हळदीचें दूध यांनीं घशास बरें वाटतें; तें घ्यावें, पण त्यास रामबाण समजूं नये. उशाला एक गोधडी जास्त घ्यावी. उकळत्या पाण्याचें भांडें मुलांजवळ नेऊं नये; वाफाऱ्याच्या नादांत पोरें भाजतात.

आणि बिडी? झडलेली लव उगवूं पाहते, तिच्यावर धूर सोडणें म्हणजे कोंवळ्या रोपांत ढोरें सोडणें होय. चुलीच्या धुराचेंही तेंच. सुनेचा खोकला हटत नाहीं म्हणून तिला नाजूक म्हणणाऱ्यांनीं एक दिवस त्या चुलीपुढें बसून पाहावें. मग धूर बाहेर जाण्यास वाट ठेवावी. उफणणी करतांना, कापूस पिंजतांना नाकातोंडावर उपरणें बांधावें.

आतां लेंकरांविषयीं. मूल शांत असतांना पोट उघडें करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आंतील मुलाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, त्यापुढें पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेतांना बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जाऊं लागला, मूल पिईना, तर तो न्युमोनिया असूं शकतो. त्या वेळीं तापल्या विळ्याचा डाग देणें, बिब्बा लावणें हें पाप आहे. मूल उचलावें व सरकारी दवाखाना गांठावा. लहान मुलास खोकल्याची बाटलीही आपल्या मनानें पाजूं नये. २०२५ सालीं मध्य प्रदेशांत छिंदवाडा जिल्ह्यांत डायएथिलीन ग्लायकॉल नांवाचें विष मिसळलेलें खोकल्याचें औषध पिऊन लहान मुलें दगावलीं. तींही आपल्यासारख्याच घरांतलीं होतीं.

शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. खोकला दोन आठवडे टिकला कीं थुंकी तपासून घ्यावी. तुम्ही म्हणाल, पडशाचा खोकला तीन आठवडे राहतो असें आत्तांच सांगितलें, मग हें कसें? खरें आहे, पुष्कळांची थुंकी निर्दोषच निघेल. पण पडशाचा खोकला कोणता व क्षयाचा कोणता, हें कान लावून कळत नाहीं. सरकारी दवाखान्यांत ही तपासणी फुकट होते. मग अंदाज कशास? थुंकींत रक्त, संध्याकाळचा ताप, रात्रींचा घाम, वजनांत घट, दम लागणें, छातींत कळ, यांतलें कांहीं दिसलें तर दोन आठवडेही थांबूं नये.

क्षय हा मागल्या जन्मीच्या पापाचें फळ नव्हे. त्याचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं दाखविला. बहुधा सहा महिने औषध न चुकतां घेतल्यास तो बरा होतो. औषध फुकट मिळतें आणि पोषणासाठीं दरमहा १,००० रुपये मिळतात. तरीही मुलीचें लग्न मोडेल म्हणून आपण रोग झांकतों. झांकलेला रोग घरभर पसरतो, आणि मग लग्नाची नव्हे, तिरडीची तयारी करावी लागते.

१८९७ सालीं पुण्यास प्लेग झाला, तेव्हां सावित्रीबाई फुले यांनीं रोग्यांस दवाखान्यांत पोंचविलें आणि त्याच साथींत १० मार्च रोजीं प्राण वेंचला. त्यांनीं मुहूर्त पाहिला नाहीं, जात विचारिली नाहीं. त्यांचें नांव घेणारांनीं निदान शेजाऱ्याचा खोकला किती दिवसांचा आहे एवढें विचारावें, आणि दोन आठवडे झाले असल्यास त्यास सोबत घेऊन दवाखान्यांत जावें.

ज्यांस वाचतां येतें त्यांनीं हें भाषण चावडीवर, मागावर, पाणवठ्यावर इतरांस वाचून दाखवावें, एवढी विनंती करून आम्ही खालीं बसतों.