आपलं मटण आपण



स्वतः शिकार करून मांस मिळवण्याचा हा विषय जाहीर झाल्यापासून मला बंदुकीच्या परवान्याबद्दल विचारणा होत आहे. तो माझ्याकडे नाही आणि मिळवूनही देता येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

युरोप-अमेरिकेत शहरात वाढलेली, जन्मात कधी कोंबडीही न कापलेली माणसं हल्ली शिकार शिकायला जातात. मांस खायचं तर त्यासाठी जीव घेण्याचा भार दुसऱ्यावर का टाकायचा, असं त्यांचं म्हणणं. जर्मनीत त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. तिच्यात नेमबाजी असतेच, पण जनावरांची ओळख, कायदा, शिकारी कुत्री, मांस स्वच्छ कसं ठेवायचं हेही असतं. रानडुकराचं मांस तर कृमींची तपासणी झाल्याशिवाय कुणाच्या ताटात जात नाही. स्वीडनमध्ये दर शरद ऋतूत लोक टोळ्या करून मूसच्या मागे निघतात. हरणाच्या कुळातलं हे जनावर तीन-चारशे किलोंचं असतं. एक पडलं की चार घरांचा हिवाळा निघतो.

आता आपल्या आटपाडी तालुक्यातल्या माळाचा हिशेब करा. ससा दोन-अडीच किलोचा. तितर पाव किलोचं, पिसं काढल्यावर उरतं ते मूठभर. तालुक्यात माणसं सव्वा लाखाच्या वर. घरटी वर्षाला एक ससा म्हटला तरी माळ ओस पडेल, आणि मग लांडगा मेंढरांच्या वाड्याशिवाय जाणार कुठं? आटपाडीचं सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर रान २०२३ मध्ये संवर्धन राखीव झालं ते प्रामुख्याने या लांडग्यासाठी. कोल्हा, खोकड आणि ससा यांनाही त्यात आसरा आहे.

कायद्याचं एका दमात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आज खाण्यासाठी शिकार करता येत नाही. पीक नासणारं रानडुक्कर मारायची परवानगी कलम ११ खाली मिळू शकते, पण मेलेलं डुक्कर कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता. म्हणजे मका तुमचा गेला, काडतूस तुमचं गेलं, रस्सा मात्र होणार नाही.

पण शिकार शिकायची म्हणजे काय शिकायचं, हे सांगणारी माणसं आपल्याच भागात होती. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलास मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की एकाच माळावर फिरणाऱ्या तीन जमातींनी सावज आपसांत वाटून घेतलं होतं. फासेपारधी फास लावून हरणं आणि पाखरं धरत. वैदू मुंगूस, रानमांजर असली लहान जनावरं आणि पाण्यातले मासे, खेकडे, कासवं घेत. तिरमल नंदीवाल्यांची कुत्री रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे लागत. एकाच्या सावजाला दुसरा सहसा हात लावत नसे. हे कुठल्या सरकारी ठरावाने झालेलं नाही. पोटाला लागणारं रान पुढच्या वर्षीही पोटाला लागणार आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं.

फासेपारध्याचं कसब बघा. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने तो काळविटाच्या कळपाजवळ जाई. पाळलेलं तितर पिंजऱ्यातून साद घाली, रानातला नर चिडून भांडायला येई आणि फासात सापडे. गाभण हरिणी किंवा पाडस फासात आलं तर सोडून द्यायचं, अशी त्यांच्यात रीत होती. बंदुकीच्या गोळीला ती सवड नाही. गोळी सुटल्यावर मादी गाभण होती हे कळून उपयोग काय? या लोकांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने पुढे जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो शिक्का पुसला, तो कागदावर. काळविटांचा खरा फडशा बंदूक, जीप आणि रात्रीच्या झोतदिव्यांनी पाडला, पण चौकशीला आजही आधी पारध्याचं पाल उठवतात. हा अन्याय आहे आणि तो आपल्या डोळ्यांसमोर चालतो.

याच तालुक्यातल्या माडगूळचे लेखक व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी शिकारीचे शौकीन होते. पुढे बंदूक सुटली, पण रानात जाणं सुटलं नाही. ते नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले, आणि वानरांच्या टोळ्यांवरच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीला १९८३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माग काढणं, वारा ओळखणं, तासन् तास गप्प बसणं हे शिकाऱ्याचं शिक्षण त्यांच्या कामी आलं, असं मला वाटतं.

मग मांस खाणाऱ्याने काय करायचं? आटपाडीला त्यासाठी जंगल लागत नाही. शेळ्या-मेंढ्यांचा बाजार आपल्या दाराशी भरतो. बोकडाचे दात बघून वय सांगता येणारी, कमरेवर हात दाबून मांस जोखणारी माणसं तिथं आहेत. गावात दहा घरं मिळून बोकड घेतात आणि वाटे घालतात. काळीज, पाय, मुंडी, प्रत्येक गोष्टीला घेणारा असतो. चरायला कुठं होता, कुणी वाढवला, हे खाणाऱ्याला माहीत असतं. पुण्या-मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या आपल्या पोरांना मात्र मटण काळ्या पिशवीतूनच ठाऊक आहे. त्यांना एकदा बाजार दाखवा, आणि पोरगं जाणतं असेल तर वाटे घालतानाही उभं करा. बघून त्याने मटण सोडलं तर सोडू द्या, रागावू नका. आणि खाल्लं, तर ताटात हाडाला मांस ठेवून उठायची त्याला लाज वाटेल.

एक विनंती करून थांबतो. रस्त्याच्या कडेला कुणी गुपचूप ससा किंवा तितर विकायला आणलं तर घेऊ नका. गरिबाच्या हातातून ते येतं, पण मागणी पैसेवाल्याची असते. रानात फासे किंवा जाळी दिसली तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लक्षात ठेवा.