रुळांच्या अलीकडून



उरणजवळच्या जासईला रेल्वे नवी नाही. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून कंटेनरच्या लांबलचक मालगाड्या इथल्या रोजच्या झाल्या. 12 जानेवारी 2024 ला लोकल थेट उरणपर्यंत धावू लागली आणि पोरांचे मोबाइल वर झाले. अशाच वेळी कुंपणापलीकडून शिटी वाजते. "ओ दादा, फोटो नका काढू!" रेल्वे सुरक्षा दलाचा (आरपीएफ) जवान जवळ येतो, काठी काखेत, नजर तुमच्या कॅमेऱ्यावर.

त्याची धास्ती खोटी नाही. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसटी स्थानकावर गोळ्या चालल्या. पण त्याच रात्री सेबॅस्टियन डिसोझा या वृत्तछायाचित्रकारानं उभ्या लोकलच्या आडोशानं हल्लेखोर कसाबचा फोटो टिपला आणि तो पुढे न्यायालयात पुरावा ठरला. कॅमेरा म्हणजे घातपात, असं सरसकट धरून कसं चालेल?

कायदा काय म्हणतो? रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे रुळांवर, यार्डात विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे जवानाचं ऐकायचंच. वॅगनवर चढून सेल्फी काढणाऱ्याच्या डोक्यावर 25,000 व्होल्टची तार असते, आणि तिला हात लागायचीही गरज नसते. सार्वजनिक रस्त्यावरून गाडी टिपणं मात्र वेगळं. 1923 च्या गोपनीयता कायद्यातही रेल्वेमार्ग आपोआप निषिद्ध ठरत नाही, तशी अधिसूचना काढावी लागते.

तेव्हा कोणी हटकलं तर पळू नका, हुज्जत घालू नका. नाव-गाव सांगा, फोटो दाखवा. "सगळे डिलीट कर" असं फर्मान आलं, तर कोणत्या नियमानं, हे शांतपणे विचारा. मोबाइल जप्त करायचा तर पंचनामा लागतो.

हक्क मागणं इथल्यांना नवं नाही. जानेवारी 1984 मध्ये जासईच्याच दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी संपादित जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी उभे राहिले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या गावांतल्या पोरानं आपल्याच शिवारातून जाणाऱ्या गाडीचा फोटो घेतला, तर त्याला चोरासारखं उभं करू नये. उरण मार्गावरच्या स्थानकांवर रेल्वेनं मराठीत स्वच्छ फलक लावावेत: फोटो कुठून काढता येईल, कुठून नाही, आणि परवानगी कोणाकडे मागायची.