उठवणारी खुर्ची



खुर्ची हा व्याख्यानाचा विषय म्हटल्यावर आपल्यापैकी काहींच्या डोळ्यांसमोर मंत्रालय उभे राहिले असेल. ती खुर्ची सोडवत नाही म्हणून लोक तीत बसून राहतात. मी बोलणार आहे ती खुर्ची, माणसाला उठता येत नाही म्हणून घ्यावी लागते. तिला बाजारात लिफ्ट चेअर म्हणतात. हातातले बटन दाबले की आतली मोटार सबंध बैठक मागून उचलून पुढे कलती करते आणि बसलेल्याला जवळजवळ उभे करते.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या आत्यामुळे. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे निकामी. दिवसभर ती खोलगट आरामखुर्चीत बसून असे. गेल्या उन्हाळ्यात तिला लघवीची जळजळ होऊन ताप भरला. डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा कळले, की तिने कित्येक महिने पाणी पिणेच कमी केले होते. पाणी प्यायले की उठावे लागते, आणि उठायचे तर सुनेला हाक मारावी लागते. दिवसातून आठ वेळा हाक कशी मारायची? आम्ही घरची चार शिकलेली माणसे, पण हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

मग आम्ही घाईने खुर्ची आणली. मोठी, गुबगुबीत. आत्या बसली आणि तिचे पाय जमिनीपासून चार बोटे वर लोंबू लागले! ती खुर्ची सहा फुटी माणसाच्या मापाची होती. मागे रेलावे तर गुडघ्यामागे कड रुते, आणि पुढे सरकावे तर पाठीला आधार नाही. दुकानात आम्ही रंग पाहिला होता, गादी दाबून पाहिली होती. आत्याला मात्र नेले नव्हते.

आपण एक प्रयोग करून पाहा. आता बसला आहात तसेच पावले पुढे पसरा, पाठ ताठ ठेवा, हाताचा आधार न घेता उठा. जमत नाही ना? पावले मागे घेऊन, धड पुढे झुकवून, शरीराचा भार पावलांवर आणल्यावाचून कोणालाच उठता येत नाही. बैठक जितकी खाली, तितके मांड्यांच्या स्नायूंना बळ जास्त लावावे लागते. म्हणून पहिला उपाय अगदी स्वस्त आहे. साध्या, भक्कम हातांच्या खुर्चीच्या पायांखाली सुताराकडून खोबणीचे ठोकळे बसवून घ्यावेत. तेवढ्याने भागत असेल तर मोटारीचा खर्च करूच नये.

भागत नसेल तर मापे घ्यावीत. घरातली नेहमीची चप्पल घालून बसवावे आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ती बैठकीची उंची. पाठीपासून त्याच खळगीपर्यंतचे अंतर मोजून त्यातून दोन-तीन बोटे वजा करावीत. ती बैठकीची खोली. खुर्ची किती वजन पेलते हेही विचारावे. एका मोटारीच्या खुर्चीत पाठ आणि पाय बरोबरच हलतात. दोन मोटारींच्या खुर्चीत ते वेगवेगळे हलवता येतात. पाय सुजणाऱ्याला किंवा दुपारी खुर्चीतच डुलकी घेणाऱ्याला दुसरा प्रकार सोयीचा. मालिश करणाऱ्या आणि शेक देणाऱ्या भागांचे कौतुक दुकानदार फार करतो. ते त्याला करू द्यावे.

वीज गेली तर काय, हा प्रश्न मात्र अवश्य विचारावा. पाय वर, पाठ आडवी, अशा स्थितीत म्हातारे माणूस अडकले तर मोठी पंचाईत. पुष्कळ खुर्च्यांत त्यासाठी बॅटरीची सोय असते. ती दुकानातच, बटन बंद करून, चालवून पाहावी. अमेरिकेतला मुलगा तिकडून खुर्ची पाठवतो म्हणाला तर तिकडची वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची, हे त्याला सांगावे. तिकडे मेडिकेअर नावाचा जो सरकारी विमा आहे, तो अटींत बसल्यास फक्त उठवणाऱ्या यंत्राचे पैसे देतो, खुर्चीचे देत नाही. हा हिशेब मला मोठा मार्मिक वाटला.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही खुर्ची माणसाला उभे राहण्याच्या उंबरठ्यापर्यंत आणते. पुढे त्याचे त्यालाच उभे राहायचे असते. ज्याचे पाय भारच घेत नाहीत, त्याला ती पुढे लोटून देईल. अशाने आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारावे. ज्याला पाय साथ देतात त्यानेही बैठक पार वरपर्यंत नेऊ नये. पावलांवर भार आला की थांबावे आणि मग उठावे. रेललेल्या स्थितीतून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते, म्हणून आधी मिनिटभर सरळ बसावे. वॉकर हाताशी हवा, आणि खुर्चीखाली मूल वा मांजर नाही ना, ते पाहावे.

पहिली खुर्ची दुकानदाराने परत घेतली नाही. ती माझ्या उंच मेव्हण्याकडे गेली. त्याला उठण्याची काहीच अडचण नाही. दुसरी आणताना आत्याला रिक्षाने दुकानात नेले आणि अर्धा तास बसवून ठेवले. पलंगाखालीही ठोकळे घातले. आता ती संध्याकाळी दोन फुलपात्रे पाणी पिते आणि वॉकर टेकत स्वयंपाकघरात जाऊन सुनेच्या फोडणीला नावे ठेवते.