आधी बघू द्या



 या संग्रहालय परिषदेचा अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यायला हवा. तो छापील अहवालात आहे, सवडीने वाचा. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे आणि त्यासाठी मी बरीच वर्षे या खुर्चीची वाट पाहिली.

प्रेक्षकाची जागा ओळखून आपोआप बोलणाऱ्या ऑडिओ गाइडवर काल जोरदार वाद झाला. छताखाली जीपीएसचा भरवसा नाही. मग ब्लूटूथ बीकन लावायचे, वाय-फायवर भागवायचे की अल्ट्रा-वाइडबँडचा खर्च करायचा? कोणाला दोन-तीन मीटरची चूक चालते, कोणाला फूटभराचीही नको. पण एक गोष्ट सगळ्यांनीच गृहीत धरली होती: माणूस कुठे उभा आहे ते कळले की त्याला काय ऐकवायचे तेही कळले. मला हे साफ अमान्य आहे.

एका जुन्या वाड्यातल्या संग्रहालयात बीकन बसले, तेव्हा सल्लागार म्हणून मी हजर होतो. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या दालनांत चाचणी झकास झाली. शनिवारी शाळांच्या सहली आल्या आणि घोळ झाला. ब्लूटूथच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या, माणसाच्या अंगातले पाणी त्या शोषून घेते, लोखंडी कपाटे त्या परतवून लावतात. गर्दीत फोनला जवळचा बीकन लांबचा वाटू लागला. अडकित्ते बघणाऱ्यांच्या कानांत पलीकडच्या दालनातल्या ढाली-तलवारी सुरू झाल्या!

तंत्रज्ञांनी बीकन हलवले, त्यांची ताकद कमी केली, दोष दूर झाला. आता यंत्र अचूक बोलू लागले आणि माझे खरे दुखणे तिथून सुरू झाले. मोराच्या आकाराच्या अडकित्त्यापुढे एक आजी नातवाला हाताने करून दाखवत होत्या, सुपारी कुठे धरायची, बोट कसे सांभाळायचे. तेवढ्यात पोराच्या हेडफोनमध्ये निवेदन सुरू झाले: पितळ, अमुक शतक, तमुक घराणे. पोराची मान कपाटाकडे वळली. आजी गप्प झाल्या. बीकन बसवणाऱ्या कंपनीच्या नोंदीत ही भेट यशस्वी ठरली असणार.

यंत्राच्या चालीने चालणे जुनेच आहे. 1952 साली ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात रेडिओलहरींवर निवेदन ऐकवायची सोय झाली. सगळ्यांना एका वेळी एकच ऐकू येई आणि सगळे एकदमच पुढे सरकत. पुढे आकडा दाबायची यंत्रे आली, तेव्हा कुठे प्रेक्षकाला स्वतःची चाल मिळाली. ती आपण ‘स्मार्ट’ म्हणत पुन्हा काढून घेतो आहोत.

दृष्टिहीन प्रेक्षकांना आपोआप बोलणारे यंत्र मोठा आधार देते, हे मी मानतो. त्यांना ती सोय जरूर द्या, पण सुरू-बंद त्यांच्याच हाती ठेवा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमने 2015 मध्ये बीकन वापरले ते प्रेक्षकाने प्रश्न विचारला की तो कुठे उभा आहे, हे उत्तर देणाऱ्याला कळावे म्हणून. आधी प्रश्न, मग यंत्र. हा क्रम मला पटतो.

आपल्याकडे मात्र पैसा सगळा उपकरणांवर जातो. निवेदन शेवटच्या आठवड्यात कोणाकडून तरी लिहून घेतात. वर्षा-दोन वर्षांत बीकनची नाण्याएवढी बॅटरी संपते, तेव्हा ती बदलायला ना शिडी असते ना तरतूद. आणि लोक कुठे रेंगाळतात, काय विचारतात हे रोज पाहणाऱ्या दालनातल्या शिपायाला कोणी बैठकीला बोलावत नाही.

परिषदेने एक समिती नेमावी, निवेदनाचा नमुना तयार करावा. तपशील कार्यकारिणी ठरवील. पण एक काम समितीवाचून होण्यासारखे आहे. तुमच्या पुढच्या निविदेत एवढी एक अट घाला: जागा यंत्राने ओळखावी, बोलायला मात्र प्रेक्षकाने सांगावे. ही अट ज्या कंपनीला जड वाटेल, तिला काम देऊ नका.